हातातल्या मीटरवर पाण्याचा रंग मोजणं: बेळगाव-खानापूर-चिकोडी भागातल्या नवशिक्यांसाठी

पाण्याचा रंग मोजायचा तर एकाच नमुन्याची दोन रीडिंग घ्यायची, एक न गाळता आणि एक गाळून. एकच घेतलं तर आकडा मिळतो, पण तो मातीचा, पानांच्या अर्काचा की लोखंडाचा, हे कळत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या रानातून उतरणारं पाणी, अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीतलं ओढ्याचं पाणी आणि गावातल्या बोअरचं पाणी, तिन्ही पांढऱ्या बादलीत सारखीच पिवळट दिसू शकतात. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. म्हणून मीटर विकत घेतानाच सोबत गाळायचं सामान घ्या. नुसतं मीटर घेतलं तर निम्मंच काम होईल.

आकडा कशाचा येतो

मीटरवर पीसीयू, टीसीयू, पीटी-को, हेझन अशी नावं दिसतात. पिवळट-तपकिरी पाण्यासाठी ही सगळी एकाच मापाची नावं समजा. ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १८९२ मध्ये प्लॅटिनम आणि कोबाल्टच्या क्षारांचं पिवळसर द्रावण प्रमाण म्हणून सुचवलं. तेच आजही चालतं. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्लॅटिनम असलेल्या या द्रावणाचा रंग म्हणजे १ युनिट.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, रंगाची स्वीकारार्ह मर्यादा ५ हेझन युनिट आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १५ पर्यंत चालतं. १५ च्या वर गेलं की पेल्यातल्या पाण्याचा रंग बहुतेकांच्या नजरेला येतो.

मीटर आतून साधं असतं. एका बाजूला निळ्या प्रकाशाचा एलईडी, समोर प्रकाश मोजणारा सेन्सर, मध्ये काचेची नळी. पिवळं पाणी निळा प्रकाश शोषतं, म्हणून एलईडी साधारण ४२० ते ४७० नॅनोमीटरमधला बसवलेला असतो. समोर किती प्रकाश पोचला त्यावरून मीटर युनिट काढतं. प्रकाश वाटेत शोषला गेला की मातीच्या कणांवर आदळून विखुरला, हा फरक सेन्सरला कळत नाही. दोन्हीकडे समोर प्रकाश कमीच पोचतो आणि मीटर दोन्हीला रंगच म्हणतं. गाळण्याचं महत्त्व इथे आहे.

न गाळलेल्या पाण्याच्या रीडिंगला दिसता रंग म्हणतात. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्याचं रीडिंग म्हणजे खरा रंग.

सामान

मीटरसोबत सहसा १० मिलीच्या दोन नळ्या येतात. त्यांना क्युव्हेट म्हणतात. शिवाय हे लागेल: २० किंवा ५० मिलीची बिनसुईची सिरिंज, तिच्या तोंडाला बसणारे ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर (पीईएस नावाच्या प्लास्टिकच्या किंवा सेल्युलोज ॲसिटेटच्या पडद्याचे, २५ किंवा ३३ मिमीचे), डिस्टिल्ड पाणी, धुऊन मऊ झालेलं सुती कापड, पीएच पट्ट्या, मार्कर आणि वही.

डिस्टिल्ड पाणी लागतं ते झिरोसाठी, म्हणजे बिनरंगी पाणी ठेवून मीटर शून्यावर आणण्यासाठी. त्यात लोक फसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं, पण डबा सीलबंद हवा. उघड्या कॅनमधलं, बॅटरी भरायच्या नरसाळ्यातून ओतलेलं पाणी घेऊ नका, त्यात आम्ल मिसळलेलं असू शकतं. मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या १० मिलीच्या प्लास्टिक कुप्या मिळतात. एका झिरोला दोन तरी कुप्या लागतात, प्रवासात त्या फार सोयीच्या. मागताना ‘इंजेक्शनचं पाणी’ असंच सांगा, सलाईन वेगळं. नळाचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यावर झिरो करायचा नाही. त्या पाण्यात १० युनिट रंग असेल तर पुढचं प्रत्येक रीडिंग १० ने कमी येईल आणि चूक कुठे झाली ते शोधून सापडणार नाही.

फिल्टर एका नमुन्याला एक. धुऊन पुन्हा वापरलेला फिल्टर आधीच्या गावचं पाणी पुढच्या गावच्या नमुन्यात मिसळतो.

नमुना घेणं

बाटली काचेची किंवा पाण्याचीच रिकामी प्लास्टिक बाटली, किमान ५०० मिलीची. सरबताची किंवा कोल्ड्रिंकची बाटली कितीही विसळली तरी नको. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने बाटली आणि बूच तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा. वर हवा राहिली की बोअरच्या पाण्यातलं विरघळलेलं लोखंड लवकर गंजाच्या रंगावर येतं.

नळाचं पाणी आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्या. बोअर असेल तर पंप पाच-दहा मिनिटं चालवा. पहिलं पाणी पाइपात रात्रभर थांबलेलं असतं, त्यात पाइपाचा गंज उतरतो. पाइपाचीच तक्रार असेल तर मात्र उलटं करा: पहिली धार एका बाटलीत, दहा मिनिटांनंतरची दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही वेगळी मोजा.

आडाचं पाणी काढताना पोहरा काठाला घासू देऊ नका. काठावरचं शेवाळ आणि माती त्यात पडते.

मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा किंवा दूधगंगेसारख्या नदीचा नमुना काठाच्या साचलेल्या पाण्यातून घेऊ नका. वाहत्या धारेत, पृष्ठभागाच्या फूटभर खालून, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून घ्या. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. पुलावरून दोरीला प्लास्टिकची बादली बांधून सोडा. लोखंडी बादलीचा गंज नमुन्यात येतो.

बाटलीवर जागा, तारीख, वेळ लगेच लिहा. आपल्याकडे मराठी आणि कन्नड अंक दोन्ही वापरात असल्याने नमुना पंचायतीत किंवा प्रयोगशाळेत गेल्यावर वाचताना गोंधळ होतो. लेबलवर इंग्रजी अंक लिहिले तर दोन्हीकडे चालतात.

मोजणी शक्यतो तिथेच करा. जमत नसेल तर बाटली अंधारात, फ्रिजमध्ये ४ अंशांजवळ ठेवा आणि ४८ तासांच्या आत मोजा. फ्रिजमधून काढलेली बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार पाणी भरलेल्या क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं आणि तेवढ्याने रीडिंग वर चढतं. बोअरच्या पाण्याला ही ४८ तासांची सवलत लागू नाही. कारण पुढे येईल.

मोजणी

सावलीत, सपाट जागी बसा. उन्हात क्युव्हेटच्या झाकणाच्या फटीतून प्रकाश शिरतो.

१. दोन्ही क्युव्हेट डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळा. खालच्या अर्ध्या भागाला बोट लावायचं नाही, धरायचं ते वरच्या कडेला किंवा झाकणाला.

२. नव्या सिरिंजमध्ये डिस्टिल्ड पाणी घेऊन फिल्टर बसवा. पहिले १० मिली टाकून द्या, पुढचे १० मिली क्युव्हेटमध्ये खुणेपर्यंत घ्या. हा ब्लँक. फिल्टरच्या पडद्यातून सुरुवातीला थोडंफार काही सुटतं, ते पहिल्या १० मिलीसोबत निघून जातं. ब्लँकही गाळल्यामुळे फिल्टरचा जो काही परिणाम असेल तो दोन्हीकडे सारखा राहतो. फिल्टर काढताना आत राहिलेलं पाणी सिरिंजमध्ये हवा भरून बाहेर ढकला. हाच फिल्टर पुढे या नमुन्याला वापरता येतो.

३. क्युव्हेट बाहेरून कापडाने पुसा, उजेडाकडे धरून पाहा. डाग नाही, ओरखडा नाही, काचेला चिकटलेला बुडबुडा नाही, हे बघूनच मीटरमध्ये ठेवा. क्युव्हेटवर एक रेघ किंवा बाण असतो, तो मीटरवरच्या खुणेसमोर आणा. काच सगळीकडून तंतोतंत सारखी नसते. दर वेळी तीच बाजू प्रकाशासमोर आली तरच दोन रीडिंगची तुलना होते. बटण दाबून झिरो करा.

४. नमुन्याची बाटली चार-पाच वेळा हळूच उलटी-सुलटी करा. जोरात हलवलीत तर बुडबुडे होतात आणि न हलवता ओतलीत तर गाळ तळाशी राहतो. दुसरी क्युव्हेट नमुन्याने दोनदा विसळून खुणेपर्यंत भरा, झाकण लावा, पुसा, अर्धा मिनिट थांबा, मोजा. हा दिसता रंग. गढूळ पाण्यात फार वेळ थांबायचं नाही, कारण माती खाली बसत जाते आणि रीडिंग उतरत जातं. उतरत असेल तर वहीत ‘गाळ बसतोय’ असं लिहा. तीही माहितीच आहे.

५. आता गाळायचं. सिरिंज नमुन्याने विसळा, भरा, फिल्टर बसवा. पहिले ५ ते १० मिली टाकून द्या, मग १० मिली स्वच्छ क्युव्हेटमध्ये घ्या. मोजा. हा खरा रंग.

६. दिसता आणि खरा, दोन्ही रीडिंग तीन-तीनदा घ्या. दर वेळी क्युव्हेट बाहेर काढून, पुसून, पुन्हा ठेवायची. नुसतं बटण पुन्हा दाबलं तर तीच चूक तीनदा मोजली जाते. तिन्ही रीडिंग एका पायरीच्या आत असावीत. पायरी म्हणजे आकडा जितक्याने बदलतो ते, बऱ्याच छोट्या मीटरांत ५ युनिट. तिघांतलं मधलं रीडिंग वहीत घ्या.

७. शेवटी ब्लँक पुन्हा ठेवून पाहा. शून्य किंवा फार तर एक पायरी इतकं यायला हवं. जास्त आलं तर मधली सगळी रीडिंग बाद, झिरोपासून पुन्हा.

झिरो आणि नमुना यांमध्ये मीटर आपोआप बंद पडलं तर झिरो पुन्हा करायचा. गाळायला वेळ लागणार हे माहीत असतं, म्हणून काही जण आधी सगळं गाळून ठेवतात आणि मगच मीटर चालू करतात. गढूळ पाण्याला हीच पद्धत बरी.

गाळताना

जून-जुलैत खानापूर भागातल्या जांभ्या मातीचं तांबडं पाणी सिरिंज फिल्टरमधून जाताना पाच-सहा मिलीतच अडतं. अंगठ्याने रेटू नका. रेटता रेटता दांडा एकदम हलका झाला, तर पडदा फाटला असं समजा आणि जे खाली आलं ते फेकून द्या. दिसायला ते बऱ्यापैकी स्वच्छ असेल, पण त्यात बारीक माती उतरलेली असते.

त्याऐवजी नमुना तास-दोन तास निथळू द्या, वरचं पाणी साध्या प्रयोगशाळेच्या फिल्टर पेपरमधून काढा आणि मग सिरिंज फिल्टरमधून. हे फक्त खऱ्या रंगासाठी. दिसता रंग आधीच मोजून ठेवायचा. एक फिल्टर पुरला नाही तर दुसरा लावा, त्याचेही पहिले काही मिली टाकून द्या.

नुसत्या निथळण्यावर भागवायला जाऊ नका. काळ्या मातीतली चिकणमाती इतकी बारीक असते की दोन-दोन दिवस पाण्यात तरंगत राहते. फडक्याने गाळणं तर या कामाला अजिबात उपयोगी नाही.

गाळून झाल्यावर फिल्टर उलटा करून पडद्याकडे पाहायची सवय लावा. तांबड्या मातीच्या पाण्यानंतर पडद्यावर विटकरी थर बसतो आणि खाली आलेलं पाणी जवळजवळ बिनरंगी असतं. रानातल्या ओढ्याच्या पाण्यानंतर पडदा जवळपास पांढराच राहतो, पण खालचं पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं दिसतं. मीटर जे सांगणार ते इथे आधीच दिसतं. दोन्ही जुळत नसतील तर मोजणीत काहीतरी चुकलं आहे.

दोन आकडे एकत्र वाचणं

समजा दिसता रंग १८०, खरा १०. म्हणजे रंग तरंगणाऱ्या मातीचा. तुरटी, निथळणं, वाळूचा फिल्टर यांनी तो जातो. पावसाळ्यात ओढ्याच्या आणि नदीच्या पाण्यात हे नेहमीचं.

समजा दिसता ७०, खरा ६०. आता रंग पाण्यात विरघळलेला आहे. खानापूरच्या पश्चिमेला घनदाट रान आहे, मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादईसुद्धा याच तालुक्यातून निघते. रानात पालापाचोळा कुजून ह्युमिक पदार्थ तयार होतात, पहिल्या पावसांत ते धुऊन येतात. हा रंग फडक्याने जात नाही, निथळून जात नाही, वाळूच्या साध्या फिल्टरनेही फारसा जात नाही. तुरटीचा डोस आणि पीएच नीट जुळवला तर बराच कमी होतो, पण त्यासाठी वेगवेगळ्या डोसची चाचणी करावी लागते. अशा पाण्यात थेट ब्लीचिंग पावडर टाकली तर रंग फिका पडतो खरा, पण क्लोरीन आणि ह्युमिक पदार्थ मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची नको असलेली संयुगं तयार होतात. म्हणून सार्वजनिक पुरवठ्याच्या पाण्याचा नमुना क्लोरीन टाकण्याआधीचाही घ्या. नुसत्या नळाच्या आकड्यावरून ‘रंग नाही’ असं ठरवू नका.

बोअरचं पाणी तिसऱ्या प्रकारचं. उपसलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ, मीटरवर ०. तीच बाटली उघडी ठेवून चार तासांनी मोजली तर समजा ६०, आणि गाळून पुन्हा ५. हे लोखंडाचं लक्षण आहे. जमिनीखाली हवा नसते तिथे लोखंड विरघळलेलं असतं. वर आल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे न विरघळणारे पिवळट-तपकिरी कण होतात. म्हणूनच बोअरच्या पाण्याला ४८ तासांची सवलत नाही, दुसऱ्या दिवशी मोजाल ते पाणी वेगळंच झालेलं असतं. अशा पाण्याची दोन वेळांची रीडिंग घ्या, एक उपसल्या उपसल्या आणि एक चार तासांनी. शंका पक्की करायला लोखंडाचं टेस्ट किट वापरा, जलजीवन मिशनमध्ये पंचायतींना दिलेल्या किटमध्ये ही चाचणी बहुधा असते.

मळीपासून अल्कोहोल बनवताना उरणारं पाणी, ज्याला स्पेंट वॉश म्हणतात, ते गर्द तपकिरी असतं आणि तो रंग विरघळलेला असतो. गळीत हंगामात ओढ्याचा खरा रंग अचानक चढला तर हे पाणी मिसळल्याची शंका येते. तेव्हा शंकेच्या जागेच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे नमुने एकाच दिवशी, तासाभराच्या आत घ्या. नुसता खालचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. तक्रार करायची असेल तर हातातल्या मीटरचा आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही, नमुना अधिकृत प्रयोगशाळेतच जायला हवा. तुमच्या आकड्यांचा उपयोग नमुना कधी आणि कुठून घ्यावा हे सांगण्यापुरता, आणि तो उपयोगही मोठा आहे.

पीएचही लिहीत जा. ह्युमिक रंग पीएच वाढला की गडद होतो. ६.५ पीएचचं पाणी आणि ८.५ पीएचचं पाणी यांचे आकडे शेजारी मांडताना हे ध्यानात असू द्या.

मीटर काय सांगू शकत नाही

मीटरच्या पुस्तिकेत अचूकता लिहिलेली असते. समजा ‘±१० युनिट अधिक रीडिंगच्या ५ टक्के’ असं लिहिलं आहे. रीडिंग १०० आलं तर खरा आकडा ८५ ते ११५ मध्ये कुठेही असू शकतो. रीडिंग १५ आलं तर साधारण ४ ते २६. म्हणजे मानकातली ५ आणि १५ ही दोन्ही टोकं एकाच रीडिंगच्या पोटात मावतात. अशा मीटरवर १० आलं म्हणून ‘पाणी मानकात बसतं’ असं पंचायतीच्या फळ्यावर लिहिणं चूक आहे, आणि २० आलं म्हणून ‘बसत नाही’ म्हणणंही चूक. पन्नास-साठच्या वरचा रंग, दोन जागांतला मोठा फरक, महिन्यागणिक होणारा बदल, यासाठी हे मीटर उत्तम. मर्यादेजवळचा निकाल मात्र आयएस ३०२५ भाग ४ च्या पद्धतीने प्रयोगशाळेतूनच घ्यावा.

याचं कारण क्युव्हेटच्या रुंदीत आहे. त्यातून प्रकाशाला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर पाणी ओलांडावं लागतं. फिका रंग एवढ्या कमी पाण्यात फारसा प्रकाश शोषत नाही. ५० मिलीच्या उंच नेसलर नळीत वरून खाली पाहिलं तर नजर वीसेक सेंटिमीटर पाण्यातून जाते आणि तोच रंग दिसू लागतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेसलर नळ्या असतील तर ० ते २० युनिटांसाठी त्या वापरा. एका नळीत गाळलेला नमुना, शेजारी ५, १०, १५, २० युनिटांची प्रमाण द्रावणं, खाली पांढरी फरशी. या पट्ट्यात डोळा छोट्या मीटरपेक्षा बरा ठरतो.

दुसरी मर्यादा रंगाच्या जातीची. हे माप पिवळट-तपकिरी पाण्यासाठीच आहे. वडगाव, शहापूर, खासबागसारख्या विणकरांच्या वस्तीत सूत रंगवल्याचं निळं किंवा हिरवट पाणी मोजायला गेलात तर आकडा फसवा येईल. निळं पाणी निळा प्रकाश जवळजवळ तसाच जाऊ देतं, त्यामुळे डोळ्याला गर्द दिसणारं पाणी मीटरवर कमी दाखवतं. अशा पाण्यासाठी सगळ्या रंगांचा प्रकाश मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. वहीत आकड्याऐवजी ‘निळसर, मापाबाहेर’ लिहा.

आणि रंग शून्य आला म्हणजे पाणी पिण्याजोगं असं नाही. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांना रंग नसतो. त्यांच्या चाचण्या वेगळ्या.

आकडा पट्टीच्या बाहेर गेला तर

५०० च्या वर बहुतेक छोटी मीटर नुसती लुकलुकतात. तेव्हा नमुना पातळ करा. १० मिली नमुना सिरिंजने मोजून घ्या, डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली करा, मोजा, आलेल्या आकड्याला १० ने गुणा. खरा रंग हवा असेल तर आधी गाळा, मग पातळ करा. मीटरची चूकही दहापट होते हे विसरू नका: ±१० चे ±१०० होतात. म्हणून गरजेपेक्षा जास्त पातळ करू नये. पाचपट पुरत असेल तर पाचपटच.

रीडिंग विचित्र आलं तर

उणे रीडिंग किंवा ‘रेंजखाली’ अशी खूण: झिरो करताना क्युव्हेट मळलेली होती किंवा ब्लँकचं पाणीच रंगीत होतं. क्युव्हेट धुऊन, नवं डिस्टिल्ड पाणी घेऊन पुन्हा.

तिन्ही रीडिंगमध्ये मोठा फरक: आधी बुडबुडे बघा. दाबाने येणाऱ्या नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती क्युव्हेटच्या काचेवर बारीक मण्यांनी जमते. नमुना ग्लासात दहा मिनिटं ठेवा, क्युव्हेटला टिचकी मारा. बुडबुडे नसतील तर खूण जुळवण्यात चूक असते. तीही नसेल तर सेल उतरलेले असतात.

दोन क्युव्हेटमध्ये तेच डिस्टिल्ड पाणी भरून वेगवेगळं रीडिंग येत असेल तर त्या जोडीत मोजू नका. एकच क्युव्हेट झिरोला आणि नमुन्याला वापरा, मध्ये तीनदा विसळून.

खरा रंग दिसत्यापेक्षा जास्त आला तर फिल्टर पुरेसा धुतलेला नाही. एका पायरीचा फरक मात्र मीटरचाच असू शकतो, त्याच्यामागे लागू नका.

दर वेळी सगळीच रीडिंग थोडी थोडी वर येत असतील तर क्युव्हेटच्या आतल्या बाजूला लोखंडाचा पिवळा थर चढलेला असतो. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून क्युव्हेट तासभर बुडवून ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर विसळा. ब्रश किंवा घासणी लावायची नाही, पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

प्रमाण द्रावणाने पडताळणी

महिन्यातून एकदा तरी मीटर प्रमाण द्रावणावर तपासा. ५०० युनिटांचं तयार द्रावण रसायनांच्या दुकानातून मागवता येतं. घरी बनवू नका. एका लिटरसाठी १.२४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोरोप्लॅटिनेट, १ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड आणि १०० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. ते महाग आहे, विषारी आहे आणि अंगावर उडालं तर भाजतं. तयार द्रावण हाताळतानाही हातमोजे घाला.

पातळ करण्याचा हिशोब सोपा: ५०० च्या द्रावणाचे जितके मिली घेऊन ५० मिली कराल, त्याच्या दहापट युनिट. २ मिलीचे २०, ५ मिलीचे ५०, १० मिलीचे १००. मोजायला पिपेट वापरा, औषधाच्या टोपणाने मोजू नका. १०० चं द्रावण मीटरने ८५ ते ११५ मध्ये दाखवलं तर वर सांगितलेल्या अचूकतेत ते बसतं. सतत एकाच बाजूला, समजा १२५, दाखवत असेल तर आधी क्युव्हेट आणि झिरो तपासा. तरी तसंच राहिलं तर मीटर दुरुस्तीला पाठवा. रीडिंगमधून मनाने २५ वजा करत राहू नका.

द्रावणाची बाटली घट्ट बंद, अंधारात ठेवा. पाणी उडून गेलं तर द्रावण दाट होतं. अमोनियाच्या वाफेनेही त्याचा रंग गडद होतो, म्हणून गोठ्याशेजारची खोली किंवा खतं ठेवलेली माळ्याची जागा त्याला योग्य नाही.

वही आणि मीटरची निगा

एका नमुन्याची एक ओळ: जागा, तारीख, वेळ, स्रोत, गेल्या दोन दिवसांत पाऊस होता का, पीएच, दिसता रंग, खरा रंग, फिल्टरची जात, मोजणाऱ्याचं नाव, शेरा. पावसाचा रकाना बरेच जण गाळतात, पण वर्षभराचे आकडे मांडायला बसलं की तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आकडा लिहिताना मीटर दाखवतं त्यापेक्षा बारीक लिहू नका. १०१ ते २५० मध्ये जवळच्या १० पर्यंत, त्यावर ५०० पर्यंत जवळच्या २० पर्यंत गोळाबेरीज करण्याची रीत आहे. पातळ करून मोजलं असेल तर किती पट, ते शेऱ्यात लिहा.

काम संपलं की क्युव्हेटमध्ये नमुना ठेवू नका. लगेच विसळून, उपडी ठेवून वाळवा. मीटरच्या ज्या खाचेत क्युव्हेट बसते तिथे पाणी सांडलं तर कापडाच्या टोकाने टिपून घ्या आणि झाकण उघडं ठेवून कोरडं होऊ द्या. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळी दमटपणात मीटर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, नाहीतर आतल्या काचेवर बुरशी धरते. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.